सवरिमुत्तूचं लोखंडी पान

एकोणतीस वर्षं मी सोन्याच्या खाणीत कॉलिन्स शाफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेलो आणि वर आलो. सुट्ट्या, संप आणि आजारपण वगळलं तरी आठ हजार दिवस भरतात. त्यातले निम्म्याहून अधिक दिवस दोराच्या दुसऱ्या टोकाला सवरिमुत्तू होता.

पिंजऱ्यात आम्ही चाळीस जण, पायांखाली मैलभर पोकळी. शाफ्टपासून साठ पावलांवर इंजिनघर. तिथे तो उंच खुर्चीवर बसून दोन पुरुष उंचीचा ढोल फिरवायचा. ढोलावर दोर गुंडाळला जायचा आणि आम्ही वर यायचो. त्याला आम्ही दिसत नसू, आम्हाला तो दिसत नसे. त्याच्या समोर एक मोठी तबकडी होती. पिंजरा किती खोल आहे ते तिचा काटा दाखवायचा. कानाशी घंटा. टोले येतील तसा त्याने हात हलवायचा. बाकीचे ड्रायव्हर पिंजरा थांबवायचे. सवरिमुत्तू ठेवायचा. शेवटचे दोन फूट गुडघ्यांना कळतही नसत.

लोक कष्ट घामावरून मोजतात. त्याला घाम यायचा नाही. पण एका काट्यावरून आठ तास नजर न हलवणं काय असतं ते मी घरातल्या घड्याळावर एकदा करून पाहिलं. अकरा मिनिटं जमलं.

इंजिनघराच्या दारावर तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत पाटी होती: ड्रायव्हर कामावर असताना त्याच्याशी बोलू नये. नियम बरोबरच होता. मी स्वतः त्या पिंजऱ्यात असायचो, मला तर तो हवाच होता. पण सत्तावीस वर्षं तो एकाच माणसावर चालला. कामावर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि काम सुटल्यावर काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. खाण बंद व्हायच्या आठ वर्षं आधी त्याची बायको मेरी वारली. एकुलती मुलगी फिलोमिना बंगळुरूला नर्स झाली. ती म्हणायची, "आमचे अप्पा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. बघायचं, बोलायचं नाही."

शाफ्टच्या तोंडाशी घंटा वाजवणारा दासप्पा टपरीवर सगळ्यांना ऐकवायचा, "माझं आणि सवरिअण्णाचं रोज बोलणं होतं. मी तीन टोले देतो, तो उलट तीन देतो. बायकोशी माझं एवढंही होत नाही."

"तू दिलेस तीन तर ती देईल तेरा," कोणीतरी म्हणायचं.

सवरिमुत्तू तिथेच बाजूला चहा प्यायचा, ग्लास विसळून ठेवायचा आणि निघायचा. चिडायचा नाही, हसायचाही नाही.

त्याच्या खुर्चीच्या मागे, डाव्या हाताला, कापलेल्या लोखंडी पिंपात एक झाड होतं. हातभर लांब, काळपट हिरवी पानं सरळ मातीतून वर आलेली. खोड नाही, फांदी नाही. वर पंधरा फुटांवर उत्तरेची एकच खिडकी, तिच्या काचेवर तेलाचा थर. रात्रंदिवस जमीन थरथरायची. अशा ठिकाणी दुसरं झाड महिनाभर टिकलं नसतं. आम्ही त्याला लोखंडी पान म्हणायचो. गोऱ्यांच्या काळातल्या एका ड्रायव्हरने ते जहाजातून आणलं म्हणे. त्याने जाताना पुढच्या ड्रायव्हरला, रोझारियोसाहेबांना दिलं, रोझारियोसाहेबांनी सवरिमुत्तूला. सत्तर वर्षांचं तरी असेल. मी मोजली तेव्हा एकशे चौदा पानं होती. वर्षाला चार-पाच नवी येत, तेवढीच जुनी जात.

सोमवारी आणि शुक्रवारी एकेक मग पाणी. शनिवारी पाळी सुटल्यावर सवरिमुत्तू यंत्र पुसायच्या सुताच्या बोळ्याने एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायचा. पाऊण तास लागायचा. दुसरा ड्रायव्हर तोवर खुर्चीवर बसलेला असायचा, म्हणून हा पिंप उचलून दाराबाहेर आणायचा आणि पुसून झाल्यावर आत नेऊन ठेवायचा. पिंपाचं वजन मी नंतर तोलून पाहिलं, एकसष्ट किलो. त्याची अंगकाठी बारीक होती.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. मला ती फार उशिरा कळली, पण ती माहीत नसली तर पुढचं समजणार नाही.

रोझारियोसाहेबांनी झाड सोपवताना त्याला सांगितलं होतं, "याला फूल येतं. वर नाही, मुळाशी, मातीला चिकटून. फेब्रुवारीत येतं, आठ-दहा दिवस राहतं. मी एकदाच पाहिलं." बस, एवढंच. सवरिमुत्तूने ते धरून ठेवलं. पण पाहणार कसं? कामावर असताना मागे वळायचं नाही. काम सुटल्यावर दुसरा ड्रायव्हर बसलेला, त्याच्या पाठीशी बॅटरी घेऊन वाकायचं नाही. बाहेर आणलं तर मातीवर जुन्या बॉयलरच्या जळक्या कोळशाच्या खड्यांचा चार बोटं थर. रोझारियोसाहेबांनी फूल पाहिलं त्यानंतर कोणीतरी ओल टिकावी म्हणून घातलेला, आणि फूल येणार ते त्याच्याखाली. रोझारियोसाहेबांनी तसाच ठेवला, म्हणून यानेही हात लावला नाही. सत्तावीस फेब्रुवारी अशा गेल्या.

मग खाण बंद झाली. पंप थांबले, खालचं पाणी वर चढायला लागलं. तरणी माणसं पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला जाऊ लागली. आम्ही म्हातारे खाणकामगारांच्या लाइनीतल्या खोल्यांत राहिलो. सोनं काढून उरलेल्या मातीच्या, सायनाइडच्या टेकड्यांवरून राखाडी धूळ यायची, ती दिवसातून दोनदा झाडायची, एवढंच काम. इंजिनघराची किल्ली सवरिमुत्तूकडे होती. तो रोज पाळीच्या वेळेला जायचा. एके दिवशी मी मागोमाग आत शिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो खुर्चीवर नव्हता, जमिनीवर बसून पिंपातले कोळशाचे खडे एकेक करून टोपलीत टाकत होता.

"सवरिअण्णा, मी ओबय्या. टिंबरिंगचा."

"माहीत आहे."

"कसं काय? आपण कधी बोललो नाही."

"रोज खाली सोडलाय तुला."

मी खाली बसलो आणि खडे काढू लागलो. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "हळू. मुळं आहेत." मी हळू केलं. दीड तासात थर निघाला. खडे का काढायचे ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. हाताला काम मिळालं होतं.

त्यानंतर मी रोज जायचो. दोघं बसायचो. तासाला दोन-तीन वाक्यं. घरी माझी बायको रत्नम्मा म्हणायची, "काय बोलता तिकडे एवढं?"

"काही नाही."

"मग ते इथे बसून करा की! इथे काय मी घंटा वाजवते?"

जानेवारीत वरून कागद आला. मार्चअखेर इंजिनघराला सील लागणार. फिलोमिना रविवारी आली. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर खोली रिकामी होती, वडिलांनी तिथे यावं म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. मी समोरच होतो.

"अप्पा, आता तरी चला. इथे कोण आहे तुमचं?"

"फेब्रुवारी होऊ दे."

"फेब्रुवारीत काय आहे?"

"येतो म्हटलं ना. फेब्रुवारी झाला की येतो."

ती माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हाला माहीत आहे काय आहे ते?"

"नाही, बाई."

"दोघंही सारखेच!" ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. रागावली की ती भांडी घासायची.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी विषमज्वर ठरला आणि हॉस्पिटलात घातलं. जाताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली.

"सोमवार, शुक्रवार एक मग. शनिवारी पानं पुस."

"आणखी?"

"आणखी काही करू नकोस."

सांगितलं तेवढंच काम करणारा माणूस मी कधी नव्हतो. ते मला अर्धं काम वाटायचं. तरुणपणी मेस्त्री म्हणायचा, "ओबय्याला टेकू दाखवा एक, तो बघून येतो चार." बोगद्याच्या छताला लाकडी टेकू लावायचे, हे माझं काम होतं. खाली गरम आणि दमट असतं, लाकडाला बुरशी धरते. बुरशी दिसली की ती खरवडायची, खालचं लाकूड ठोकायचं. बद्द आवाज आला तर टेकू बदलायचा, नाहीतर छत माणसांवर येतं. बुरशी पाहून ज्याचा हात पुढे झाला नाही असा टिंबरमन मला माहीत नाही. असला तर तो म्हातारा झाला नसेल.

तेरा तारखेला मी पाणी घालायला वाकलो आणि बॅटरीच्या उजेडात मातीवर गाठी दिसल्या. काळपट जांभळ्या, मांसल, अर्ध्या मातीत रुतलेल्या. काही उमललेल्या, आत पिवळट. वरचा थर काढल्यामुळे मुळाशी कूज धरली, असंच मला वाटलं. खडे मीच तर काढले होते. मी खिशातली सुरी काढली. सात गाठी होत्या. एकही मूळ न दुखवता बुडापासून साफ खरवडल्या. चाळीस मिनिटं लागली. मग त्या लांब नेऊन पुरल्या, म्हणजे कूज पसरायला नको. वर चिमूटभर हळद टाकली. काम चोख झालं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. ताप उतरला होता. मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं, "अण्णा, तुमचं झाड वाचवलं मी. मुळाशी बुरशी आली होती. सात गाठी. सगळ्या काढल्या."

तो वर पंख्याकडे पाहत होता. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. मी परत सांगितलं.

"कसला रंग होता?" त्याने विचारलं.

"काय?"

"गाठींचा. रंग."

"काळपट जांभळा."

"आत?"

"आत पिवळसर. पाकळ्यांसारखं होतं काहीतरी." शब्द तोंडातून गेला तेव्हाच मला शंका आली.

"किती पाकळ्या?"

"आठ असतील."

मग त्याने रोझारियोसाहेबांची गोष्ट सांगितली. सगळी मिळून दहा-बारा वाक्यं. त्याच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बोल. कसं होतं?"

मी आयुष्यभर मापं घेतली. टेकू अर्धा इंच तोकडा पडला तर तो दुसऱ्याच्या माथी मारला नाही, नवा कापला. त्या दिवशी मात्र मी माप वाढवलं. गाठी आठ आण्याच्या नाण्याएवढ्या होत्या, मोठ्यात मोठी रुपयाएवढी. मी म्हणालो, "वाटीएवढी."

"वाटीएवढी?"

"कोशिंबिरीची वाटी असते ना, तेवढी. सात वाट्या गोल मांडल्यासारख्या. रंग म्हणजे चर्चच्या मोठ्या खिडकीतली ती जांभळी काच, तसा. आतून उजेड आल्यासारखा."

"वास?"

वास ओल्या मातीचा होता. "धुपासारखा," मी म्हणालो. "रविवारच्या धुपासारखा."

त्याने डोळे मिटले. म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. त्या आठवड्यात तीनदा गेलो, तीनदा सांगितलं. दर वेळी थोडं वाढत गेलं. थांबायला हवं होतं, पण तो ऐकताना बोलायचा. मध्येच विचारायचा, हसायचा. एकदा बाजूच्या खाटेवरच्या माणसाला त्याने हाक मारली, "अय्या, हे ऐका, आमच्या इंजिनघरात काय फुललं होतं!"

हॉस्पिटलातून फिलोमिना त्याला परस्परच बंगळुरूला घेऊन गेली. पाहायचं ते राहूनच गेलं होतं, पण अडून बसायची ताकद त्याच्यात नव्हती. टॅक्सीत बसताना म्हणाला, "तू ने त्याला. उन्हात ठेवू नकोस. खरवडू नकोस."

सील लागायच्या आदल्या दिवशी मी आणि दासप्पाने पिंप बांबूला बांधून खांद्यावरून आणलं. दीड किलोमीटर, सात ठिकाणी टेकलो. दासप्पा प्रत्येक ठिकाणी म्हणायचा, "तीन टोले दे, मग उचलतो." मागच्या खोलीत, जिथे दुपारीही दिवा लागतो तिथे, ते ठेवलं. रत्नम्माची शिलाईमशीन तिथून हलवावी लागली. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तीच पानं पुसत होती.

वर्ष गेलं. सोमवार, शुक्रवार एक मग. शनिवारी पानं. घरात हादरे नव्हते, तेल नव्हतं, धूळ होती. अकरा पानं गेली, सहा आली.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला मातीतून पहिली गाठ वर आली. मग आणखी चार. बारा तारखेपर्यंत तीन उमलल्या. मी मापपट्टी लावली. मोठी सव्वा इंच. मी पानवाल्याच्या फोनवरून फिलोमिनाला फोन केला. फूल आलं आहे, रविवारी पाठवून दे, असं सांगितलं.

"मामा, लगेच पाठवते!" ती म्हणाली. "तुम्ही काय जादू केलीत हो अप्पांवर? संध्याकाळी खाली बाकावर म्हातारे बसतात ना, त्यांच्यात बसतात आता. बोलतात! लोखंडी पान, वाटीएवढी फुलं, चर्चची काच, धूप. आमच्या सगळ्या इमारतीला पाठ आहे. लोक मुद्दाम विचारतात, 'सवरिअप्पा, ते फुलांचं सांगा.' मी तर अप्पांचा आवाजच विसरले होते."

मी फोन ठेवला. दासप्पा बाजूलाच होता, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोपं आहे. आज रात्रीत खरवडून टाक. सांग, गाडी यायच्या आधीच गळून गेली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"नाही."

"अरे, एकदा केलंस ना? हात बसलाय तुझा."

"म्हणूनच नाही."

एकदा न कळून केलं होतं. कळून करायचं म्हणजे वेगळं काम झालं असतं. सुरी मी रत्नम्माच्या डब्यात ठेवून दिली.

रविवारी तो साडेदहाच्या गाडीने आला. अंग भरलं होतं. नवा शर्ट. आणि फलाटावरच बोलायला लागला. "ओबय्या, आमच्याकडे एक रिटायर मास्तर आहेत, ते म्हणतात असं फूल असूच शकत नाही. मी म्हटलं, ओबय्या टिंबरमन आहे, त्याचं माप चुकत नाही." घरापर्यंत तो बोलत होता.

रत्नम्माने नाचणीचे उंडे आणि कुळथाचं सार केलं होतं. "आधी जेवून घ्या, अण्णा," ती म्हणाली.

"आधी ते."

तो मागच्या खोलीत गेला, गुडघ्यांवर बसला. मी पानं बाजूला धरली आणि बॅटरी दाखवली. तो वाकला. कान जवळजवळ मातीला लागला. बराच वेळ तसाच होता. माझा हात दुखायला लागला, पण मी बॅटरी हलवली नाही.

"वास येत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"लहान आहेत."

"हो."

"जागा बदलली म्हणून असेल. गेल्या वर्षी मोठी होती." त्याने मान वर केली. "तीच माझ्या हातून गेली, ओबय्या. आता काय, ही अशीच येणार."

तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. पण मग मोठी फुलं कायमची गेली आणि ती मी घालवली, असं धरून तो जगला असता. ती फुलं कधी नव्हतीच. मी म्हणालो, "गेल्या वर्षीही एवढीच होती, अण्णा. मी वाढवून सांगितलं."

तो माझ्याकडे वळला.

"वाटी?"

"नव्हती."

"धूप?"

"नव्हता."

"का सांगितलंस?"

"तुम्ही विचारत होतात. आणि मी खरवडली होती."

त्याने पुन्हा खाली पाहिलं. एका फुलाला बोट लावलं, फुलाला काही झालं नाही. मग तो हात टेकून उठला. "बाकावर सगळ्यांना सांगितलंय मी," तो म्हणाला. रागाने नाही. दोराचा एक धागा तुटला आहे असं कळवावं तसं.

"मग तेच सांगत राहा. कोण बघायला येतंय?"

"नाही," तो म्हणाला. "आता नाही सांगता येणार."

तो जेवला. दोन उंडे खाल्ले, सार चांगलं आहे म्हणाला. चारच्या गाडीने गेला. फलाटावर मी दोन-तीनदा विषय काढला, पंपाचा, पाण्याचा, दासप्पाच्या मुलाचा. तो मान हलवायचा. गाडी सुटताना त्याने हात वर केला.

फुलं आणखी नऊ दिवस राहिली. त्यांच्यावर मुंग्या आल्या, मग ती सुकून काळी झाली. मी हात लावला नाही.

महिनाभराने फिलोमिनाचा पानवाल्याकडे फोन आला. मला बोलावून घेतलं.

"मामा, तिकडे काय झालं? आल्यापासून अप्पा बाकावर जात नाहीत. लोक विचारायला येतात, तर आत जाऊन बसतात. घरातही बोलत नाहीत. भांडलात का तुम्ही?"

"नाही, बाई."

"मग फूल पाहिलं का त्यांनी?"

"पाहिलं."

"मग?"

मागे गाड्यांचा आवाज येत होता. ती उत्तराची वाट पाहत होती, आणि पानवाला माझ्या तोंडाकडे. फूल सव्वा इंचाचं होतं, एवढंच मला नक्की माहीत होतं. ते मी तिला सांगितलं.